अक्षर कोणाचं, हे आधी बघा

मॉर्मन चर्च या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांची पत्रं वाचते म्हटलं की आपल्या लोकांचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे तू त्यांच्यात गेलीस की काय?" नाही. पेशवे दफ्तर वाचायला पेशव्यांच्या घराण्यातलं असावं लागत नाही, तसंच हे. लागतो तो एकोणिसाव्या शतकातलं हाताने लिहिलेलं इंग्रजी वाचायचा सराव आणि जरा संशयी स्वभाव. इतिहासात किंवा ग्रंथालयशास्त्रात शिकून या वाटेला येऊ पाहणारी मुलं विचारत असतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांना ठार मारलं. पुढे ब्रिगहॅम यंग यांनी बहुतेक अनुयायांना युटाला नेलं. सगळेच गेले नाहीत, आणि कागदही सगळे गेले नाहीत. त्यामुळे मोठा साठा सॉल्ट लेक सिटीच्या चर्च हिस्ट्री लायब्ररीत, तर काही पत्रं येल विद्यापीठात, अशी विभागणी आहे. मिसूरीतल्या कम्युनिटी ऑफ क्राइस्ट या दुसऱ्या शाखेकडेही २०२४ पर्यंत काही पत्रं होती. सुरुवातीला विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. 'जोसेफ स्मिथ पेपर्स' या प्रकल्पाने २००८ ते २०२३ या काळात २७ खंड काढले आणि मूळ कागदांच्या प्रतिमा, त्यांच्या लिप्यंतरासकट (म्हणजे हस्ताक्षर वाचून टंकित केलेल्या मजकुरासकट), ऑनलाइन खुल्या केल्या. लिप्यंतर झाकून ठेवा, प्रतिमेवरून स्वतः उतरवून काढा, मग ताडून बघा. यापेक्षा चांगली शिकवणी मला तरी माहीत नाही.

मात्र मजकुरात शिरण्याआधी अक्षर कोणाचं ते बघा. खाली स्मिथ यांची सही आहे म्हणून पत्र त्यांच्या हातचं असेलच असं नाही. बहुतेक वेळा लेखनिक वेगळा असतो. मिसूरीतल्या लिबर्टी गावच्या तुरुंगातून मार्च १८३९ मध्ये त्यांनी अनुयायांना लांबलचक पत्र पाठवलं. त्यातले भाग आज चर्चच्या धर्मग्रंथात आहेत. पण ते उतरवून घेतलं सोबतच्या कैद्यांनी, आणि खाली सह्याही एकापेक्षा जास्त आहेत. मग यातलं वाक्य स्मिथ यांचं म्हणून उद्धृत करताना हात जरा आखडता घ्यावा लागतो.

त्याच तुरुंगातून ४ एप्रिलला बायकोला, एमाला, लिहिलेलं पत्र त्यांच्या स्वतःच्या अक्षरात आहे. ते येलला आहे. सूर्य मावळतोय, आम्ही गजांतून बाहेर बघतोय, अशी सुरुवात. 'डर्टी' लिहिताना 'आय'च्या जागी 'यू'. पुढे मुलांची आठवण, आणि त्याच दमात 'ओल्ड मेजर'ची. हा मेजर म्हणजे घरचा कुत्रा. नवख्या माणसाचा हात इथे शुद्धलेखन सुधारायला शिवशिवतो. सुधारू नका. लेखनिकाने लिहिलेलं आणि स्वतः लिहिलेलं वेगळं ओळखायला ह्या चुकाच कामी येतात.

याच पत्रात ते म्हणतात, पहाऱ्यात येऊन साधारण पाच महिने सहा दिवस झाले. लिबर्टीच्या तुरुंगात तर ते १ डिसेंबरला आले, म्हणजे चारच महिने. मग कॅलेंडर काढायचं. ३१ ऑक्टोबर १८३८ ला मिसूरीतल्या फार वेस्ट गावाजवळ ते ताब्यात गेले, तिथपासून मोजलं की एक-दोन दिवसांच्या फरकाने हिशेब बसतो. पत्रात वार गुरुवार आहे, आणि ४ एप्रिल १८३९ ला गुरुवारच होता. कंटाळवाणं वाटेल, पण आमच्या धंद्यातली निम्मी मजा यात आहे.

कागदाची बाहेरची बाजूही सोडू नका. तेव्हा सहसा पाकीट नसे. कागदच घडी घालून मेण लावून पाठवत, त्यामुळे पत्ता आणि टपालाचा शिक्का पत्राच्या पाठीवरच असतात. अर्थात शिक्का खरा म्हणून पत्र खरं, असंही नाही. १८ जून १८४४ तारखेच्या एका पत्रात स्मिथ यांनी जेम्स स्ट्रँग या अनुयायाला वारस नेमल्याचं आहे. त्यावरचा नॉवूचा, म्हणजे स्मिथ यांच्या इलिनॉयमधल्या गावचा, शिक्का सहसा खरा मानला जातो. मजकूर मात्र छापील वळणाच्या सुट्या अक्षरांत, आणि सही स्मिथ यांच्या सहीशी जुळत नाही. तरी त्याच्या जोरावर स्ट्रँगने माणसं जमवली आणि १८५० मध्ये लेक मिशिगनमधल्या बीव्हर बेटावर स्वतःचा राज्याभिषेकही करून घेतला! असं पत्र टाकून द्यायचं नसतं. स्ट्रँगच्या अभ्यासकाला अस्सल पत्राइतकंच ते मोलाचं आहे.

मार्क हॉफमनचं प्रकरण मात्र निव्वळ काळं. १९८० च्या दशकात त्याने बनावट पत्रं करून भल्याभल्यांना विकली. बिंग फुटायची वेळ आली तेव्हा, १९८५ मध्ये, बॉम्बने दोघांचा जीव घेतला. कृत्रिमरीत्या जुनी केलेली त्याची शाई सूक्ष्मदर्शकाखाली बारीक तडकलेली दिसली. म्हणून पत्र कोणाकडून कोणाकडे आलं, ही साखळी तुटक असेल तर मजकूर कितीही चटकदार असो, थांबायचं.

यंग यांच्या कार्यालयाची तऱ्हा निराळी. तिथे जाणाऱ्या पत्रांच्या नकला दाबयंत्रावर काढत: ओलसर पातळ कागद शाईच्या पत्रावर ठेवून दाबायचा. अशा नकलांच्या वह्या आहेत, आणि काही पानं इतकी पुसट की डोळे दुखतात. अस्सल पत्र ज्याला गेलं त्याच्याकडे. ते हरवलं असेल तर नक्कल हाच आधार.

पुण्या-मुंबईतल्या कुणाला यात स्वतःचा विषय हवा असेल तर एक सुचवते. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. त्याची पत्रं वाचताना हस्तलिखित आणि छापील मजकूर शेजारी ठेवा. छापलेल्या पत्रावरून संपादकाची कात्री फिरलेली असू शकते, आणि पुण्याबद्दल काय कापलं गेलं हे इथल्या माणसालाच चटकन कळेल.