दोन तारांवरचे विमान: बांधणी आणि पहिले उड्डाण

कंट्रोल लाइन विमान, म्हणजे तारांनी ताब्यात ठेवून गोल फिरवायचे छोटे मॉडेल विमान, दोघांनी मिळून उडवायचे असते, म्हणून लाकूड आणण्याआधी जोडीदार शोधावा. एक जण वर्तुळाच्या मध्यभागी हँडल घेऊन उभा राहतो आणि दुसरा पंधरा मीटरांवर विमान धरून बसतो. मधल्या दोन बारीक पोलादी तारांतून हाताची हालचाल विमानातल्या बेलक्रँकपर्यंत (बोल्टभोवती फिरणाऱ्या छोट्या तरफेपर्यंत) पोचते, बेलक्रँक पुशरॉड, म्हणजे एक ताठ तार, हलवतो आणि शेपटीवरचा एलेव्हेटर, म्हणजे आडवी हलती पट्टी, वर-खाली होतो. मात्र तारा सैल पडल्या की विमान कोणाचेच ऐकत नाही. त्यामुळे बांधणीतला जवळजवळ प्रत्येक निर्णय ताण राखण्यासाठी घ्यावा लागतो.

हा ताण किती असतो, याचा हिशेब सोपा आहे. विमानाचे वजन ५०० ग्रॅम, तारा १५ मीटर आणि वेग सेकंदाला २० मीटर धरला, तर एक फेरी पावणेपाच सेकंदांत पूर्ण होते आणि हँडलवर सुमारे १.३५ किलोची ओढ लागते. वेग निम्मा झाला, की ओढ एक चतुर्थांशावर येते. (टीम रेस म्हणजे अशा विमानांच्या शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्रिज्या १५.९२ मीटर असते, कारण तेवढ्या वर्तुळाच्या दहा फेऱ्यांत एक किलोमीटर भरतो.)

शिकाऊ विमानासाठी ८ मिलिमीटर जाडीच्या बाल्सा या हलक्या लाकडाच्या फळीचा सपाट पंख पुरेसा आहे. लांबी ७५ सेंटिमीटर आणि रुंदी १५ सेंटिमीटर ठेवावी. विमान वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, म्हणजे डावा पंख वैमानिकाकडे असतो. हा पंख उजव्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवावा आणि तारांचे वजन तोलण्यासाठी उजव्या पंखाच्या टोकात १० ते १५ ग्रॅम शिसे बसवावे. इंजिन किंवा मोटर वर्तुळाबाहेर दोन अंश वळवावी आणि रडर, म्हणजे शेपटीवरची उभी पट्टी, हाही थोडा बाहेर वळलेला असावा. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून तीन ते साडेतीन सेंटिमीटरांवर यायला हवा. मागे जड झालेले विमान नवख्याच्या हाती टिकत नाही, तेव्हा गरज पडल्यास नाकात वजन वाढवावे आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

बेलक्रँकचा बोल्ट नुसत्या बाल्सात कधीही बसवू नये, कारण उड्डाणाची सगळी ओढ त्या एका बोल्टवर येते. पंखाला एपॉक्सीने प्लायवुडचा तुकडा चिकटवून त्यातून बोल्ट घ्यावा. पुशरॉडसाठी सायकलच्या चाकातली २ मिलिमीटरची तार (स्पोक) उत्तम चालते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात ती अजूनही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. नट-बोल्ट, वॉशर आणि तांब्याची तार बोहरी आळीत एकाच फेरीत होते. एलेव्हेटर दोन्ही बाजूंना पंधरा अंशांहून अधिक वळू देऊ नये. अधिक वळणारा एलेव्हेटर कसबी हातांसाठी असतो.

उड्डाणासाठी हिवाळ्यातली सकाळ निवडावी, कारण उन्हे चढली की वारा झुळकांनी येऊ लागतो. मैदानाची परवानगी आधी घ्यावी आणि विजेच्या तारांच्या आसपास तर फिरकूही नये, कारण आपल्या तारा पोलादी आहेत. संक्रांतीच्या सुमारास आणखी एक दक्षता लागते: कटलेल्या पतंगामागे आकाशाकडे पाहत धावणारी मुले थेट वर्तुळात शिरतात, म्हणून कडेला लक्ष ठेवायला तिसरा माणूस हवा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी विमान पक्के धरून हँडलला ताणकाटा लावावा आणि वजनाच्या दहापट, म्हणजे ५ किलोपर्यंत ओढून पाहावे. तारेत एखादी पिळाची गाठ दिसली, तर ती तार सरळ करत बसण्यापेक्षा टाकून द्यावी. मग हँडल वर झुकवावे आणि एलेव्हेटर वर जातो का, हे जोडीदाराने मोठ्याने सांगावे. मी एकदा हे तपासणे घाईत टाळले होते. तारा उलट जोडल्या गेल्या होत्या आणि दीड महिन्याचे काम पाव फेरीत जमिनीत रुतले. हँडलची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय विमान सोडण्याची खूण कधीही देऊ नये.

वारा विमानाच्या पाठीमागून येईल अशा जागी जोडीदाराने ते सोडावे, ढकलू नये. पाव फेरीनंतर वाराच विमानाला बाहेर रेटतो आणि तारा ताणल्या जातात. हात सरळ ठेवून खांद्यातून हलवावा, मनगट वळवण्याचा मोह आवरावा; विमान डोक्याच्या उंचीच्या थोडे वर ठेवून आठ-दहा फेऱ्या नुसत्या घ्याव्यात. पहिले काही दिवस घाण्याच्या बैलासारखी गत होते आणि गरगरते. नजर विमानावरच खिळवली आणि मागच्या झाडा-इमारतींकडे पाहिले नाही, तर ही चक्कर बरीच कमी होते. इंजिन थांबताच वेग उतरतो आणि त्याबरोबर ओढही, म्हणून एक-दोन पावले मागे सरकत तारा ताणलेल्या ठेवाव्यात आणि विमान सपाट उतरू द्यावे.

अगदी नवख्याला शिकवताना अनुभवी माणसाने त्याच्या मागे उभे राहून, हँडल धरलेल्या त्याच्याच मुठीवर आपली मूठ ठेवावी आणि दोघांनी एकत्र फिरावे. तारांची ओढ दोन्ही हातांना एकाच वेळी जाणवते, त्यामुळे शब्दांत सांगावे लागणारे बरेचसे आपोआप कळते. फेरी स्थिर झाली की पकड हळूहळू सैल करावी, पण हात मुठीजवळच ठेवावा. पुढच्या उड्डाणाला शिकणाऱ्याने विमान धरून बसावे, कारण सोडणाऱ्याची बाजू समजल्यावर हँडलवरच्या चुका लवकर सुधारतात.