जुनी जेट स्की सुरू होत नसेल तर करावयाची तयारी

आपल्याकडे पुण्यात हाती लागणारी जुनी जेट स्की एक तर कोकण किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून थकलेली असते, नाही तर मुळशी-पानशेतकडच्या एखाद्या फार्महाउसच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पावसाळे काढलेली असते. पहिलीच्या तारांच्या सांध्यांत खारे पाणी शिरलेले असते, दुसरीच्या टाकीत शिळे पेट्रोल असते. म्हणून ती कुठून आली हे आधी विचारून घ्यावे. पुढे लिहिले आहे ते सर्व दोन-स्ट्रोक, कार्ब्युरेटरच्या यंत्रांपुरते आहे. काम घरीच, ट्रेलरवर करावे. धरणाच्या काठी ऐनवेळी साधा स्पार्क प्लगही मिळत नाही. शिवाय खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी पुणेकर पितात. हलच्या, म्हणजे जेट स्कीच्या पोकळ सांगाड्याच्या, तळाशी साचलेले ऑइल-पेट्रोलचे पाणी तिथे उपसणे कोणत्याही सबबीखाली योग्य नाही. ते घरीच डब्यात काढून घ्यावे.

घरी ट्रेलरवर इंजिन चालवताना ते थंड ठेवण्यासाठी बागेच्या पाइपाने पाणी द्यावे लागते. दुसरे काहीही करण्यापूर्वी या पाइपाचा नळ बंद आहे याची खात्री करावी. मागच्या खेपेला नेमके हेच माझ्याकडून राहिले, म्हणून या एका मुद्द्यावर मी पुन्हा पुन्हा येणार आहे. जेट स्की पाण्यात चालते तेव्हा इंजिन थंड करणारे पाणी जेट पंपाच्या दाबाने येते आणि इंजिन थांबले की तेही थांबते. नळाच्या पाण्याचे तसे नाही. इंजिन फिरो वा न फिरो, ते येतच राहते. चालू इंजिनाचा धूर हे पाणी सायलेन्सरबाहेर ढकलतो, पण इंजिन पेटतच नसेल तर ते आत साचत जाते, एक्झॉस्टमधून मागे चढते आणि शेवटी सिलिंडरमध्ये उतरते. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड वाचला तरी क्रँकच्या बेअरिंगना गंज धरतो. म्हणजे मूळ दोष एखाद्या स्वस्त फ्यूजचा असताना आपण इंजिन उघडण्याची वेळ स्वतःवर ओढवून घेतो. पाइप जोडून ठेवण्यास हरकत नाही, परंतु इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागेपर्यंत नळ बंदच राहिला पाहिजे.

सीट काढून हल किमान १० मिनिटे उघडे ठेवावे आणि वास घ्यावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी बसून राहते, व स्टार्टरची एक ठिणगी तिला पुरते. वास येत असेल तर गळती सापडेपर्यंत बटणाला हात लावू नये. लॅनयार्डची (चालक पडला तर इंजिन बंद करणाऱ्या दोरीची) क्लिप नीट बसली आहे का आणि पेट्रोलची कळ चालू आहे का, हेही पाहावे.

बॅटरीचे टर्मिनल चमकत असले म्हणजे बॅटरी चांगली, असे समजू नये. मल्टिमीटर लावावा; पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि स्टार्टर फिरत असताना आकडा १० च्या बराच खाली घसरला तर तिच्यावर आणखी वेळ घालवू नये. बटण दाबल्यावर नुसता एक ‘टक्’ आवाज येत असेल तर स्टार्टरला वीज सोडणाऱ्या रिलेपर्यंत वीज पोहोचते आहे. दोष कमजोर बॅटरीत, स्टार्टरमध्ये किंवा जाड तारांच्या टोकांत शोधावा. आवाजच नसेल तर फ्यूज, लॅनयार्डचा स्विच आणि बटण तपासावे. समुद्रावरून आलेल्या यंत्रात माझा पहिला संशय नेहमी अर्थच्या तारेवर असतो. इंजिनाला जिथे ती बोल्टने आवळलेली असते तिथे वरून सगळे ठीक दिसते, पण बोल्ट सैल केला की खाली पांढरट-हिरवी पूड निघते. ती घासून पत्रा उघडा पाडावा आणि मगच पुन्हा आवळावे. स्टार्टर सलग ५ सेकंदांहून जास्त फिरवू नये, मध्ये थोडी विश्रांती द्यावी. या सर्व वेळात नळ बंद.

आता दोन्ही प्लग काढावेत. इंजिन अजिबात फिरत नसेल, अडकल्यासारखे वाटत असेल, तर प्लग काढण्यापूर्वी जोर लावणे हा सर्वांत महाग उतावीळपणा ठरतो, कारण सिलिंडरमध्ये आधीच पाणी असू शकते. प्लगच्या तारा अर्थला जोडलेल्या असाव्यात, नाही तर इग्निशनचा सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) खराब होण्याचा धोका असतो. प्लगच्या भोकांवर फडके टाकून, तोंड बाजूला घेऊन स्टार्टर फिरवावा. पाणी उडाले तर ते पूर्ण निघेपर्यंत फिरवावे, सिलिंडरमध्ये दोन-स्ट्रोक ऑइल सोडावे आणि त्याच दिवशी इंजिन चालू करून सुकवावे; ‘उद्या बघू’ म्हटले तर रात्रीत गंज सुरू होतो. ठिणगी पाहायची असेल तर प्लग उघड्या भोकांपासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून पाहावी. प्लग ओला असेल तर पेट्रोल येते आहे, कोरडा असेल तर येत नाही. पुढचा शोध कुठे घ्यायचा हे एवढ्यावरून ठरते. नवे प्लग पुस्तिकेतल्या क्रमांकाचेच घ्यावेत. बऱ्याच जुन्या यंत्रांना एनजीकेचा बीआर८ईएस लागतो, आणि जुना प्लग सोबत घेऊन नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारणे हा सोपा मार्ग आहे.

पेट्रोलकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरावे. दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसते. अशा पेट्रोलवर नवे पेट्रोल ओतून भागत नाही, टाकी रिकामीच करावी लागते. जुन्या रबराचीही हीच रड आहे. १९९० च्या दशकातल्या सी-डू या कंपनीच्या अनेक जेट स्कींमध्ये पेट्रोलच्या करड्या रंगाच्या नळ्या होत्या. त्या आतून विरघळतात आणि त्यांची हिरवी चिकट राळ कार्ब्युरेटरच्या आत नखाएवढ्या जाळीवर जाऊन बसते. बाहेरची गाळणी स्वच्छ पाहून समाधान मानणारा ही आतली जाळी कधीच उघडत नाही, आणि मग इंजिन चोक दिल्यावर क्षणभर पेटून विझत राहते. नळ्या सगळ्या बदलाव्यात, एखादी बदलून इतर तशाच ठेवू नयेत. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे असेल आणि पुस्तिकेत ५०:१ हे प्रमाण दिले असेल, तर लिटरमागे २० मिलि होते. ते अंदाजाने ओतू नये.

इथपर्यंत सर्व ठीक असूनही इंजिन पेटत नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. दोन्ही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. दोन सिलिंडरांच्या आकड्यांत १० टक्क्यांहून अधिक फरक नसावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने किनाऱ्यावर १५० पीएसआय (दाबाचे एकक) दाखवणारे इंजिन इथे १४० च्या आसपास दाखवते. तेवढ्यावरून पिस्टन गेला असे कुणी सांगितले तर लगेच खर्चाला होकार देऊ नये.

सुरू करताना क्रम असा: नळ बंद, इंजिन चालू, मग नळ उघडा. बंद करताना उलट: आधी नळ बंद, मग थ्रॉटल हलकेच एक-दोनदा देऊन आतले पाणी बाहेर काढा, मग इंजिन बंद. मदतीला कुणी उभे असेल तर त्याला हा क्रम आधी मोठ्याने सांगा आणि नळाच्या चावीवर त्याचाच हात ठेवा. इंजिन मध्येच बंद पडले तर पहिली धाव नळाकडे, बटणाकडे नव्हे. पाण्याशिवाय इंजिन १५ सेकंदांहून जास्त चालवू नये, एक्झॉस्टचे रबरी भाग जळतात.

धरणावर नेण्यापूर्वी परवानगी, लाइफ जॅकेट, ओढण्यासाठी दोर, जास्तीचे प्लग. हलची ड्रेन बुचे ट्रेलरवर असतानाच आवळून घ्या.