फळी आणि काटा: माणसाच्या शरीराचा गुरुत्वमध्य मोजण्याची पद्धत

धावपटूची चाल, वृद्धांचा तोल, कृत्रिम पायाची जुळणी, असा कुठलाही अभ्यास असो, शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलं आहे असं मानता येतं तो बिंदू, नेमका कुठे आहे हा प्रश्न सुरुवातीलाच येतो. 17व्या शतकात इटलीत बोरेल्ली या शास्त्रज्ञाने माणसाला फळीवर आडवं करून ती फळी धारेवर तोलली होती. आज धारेच्या जोडीला वजनकाटा आहे, त्यामुळे माणसाला मागेपुढे सरकवत तोल साधावा लागत नाही. गणित एका ओळीचं आहे. चुका होतात त्या मांडणीत, म्हणून इथे भर मांडणीवरच आहे.

फळी

19 मिमी जाडीचा प्लाय घ्या, 2.2 मीटर लांब आणि 50 सेंमी रुंद. नुसता प्लाय माणसाच्या वजनाने लवतो, म्हणून खाली लांबीच्या दिशेने 50 × 25 मिमीचे दोन बॉक्स पाइप, 50 मिमीची बाजू उभी ठेवून बसवा. त्या पाइपांखाली आडवे, 25 मिमी लोखंडी अँगलचे दोन तुकडे, कोपऱ्याची धार खाली येईल असे स्क्रूने घट्ट करा. दोन धारांमधलं अंतर बरोबर 2000 मिमी हवं. ते स्टीलच्या टेपने दोन्ही कडांना मोजा. दोन्हीकडे सारखं आलं नाही तर धारा समांतर नाहीत.

पायाकडच्या धारेला आपण 'अ' म्हणू, डोक्याकडच्या धारेला 'ब'. 'अ'च्या बरोब्बर वर, फळीला काटकोनात, तळव्यांसाठी उभी पाटी बसवा. गुण्याने काटकोन आणि ओळंब्याने पाटीचा पृष्ठभाग 'अ'च्या रेषेत आहे ना ते तपासा. ही पाटी फळीलाच जोडलेली हवी. पाय भिंतीला टेकवून मोजणं हा नेहमीचा शॉर्टकट आहे आणि तो सगळं मोजमाप बिघडवतो. पाय भिंतीला रेटले की ते बल बाहेरून येतं आणि काट्यावरचा आकडा बदलतो. फळीला जोडलेल्या पाटीवर कितीही जोर दिला तरी ते बल आतल्या आतच राहतं.

काटा

घरगुती डिजिटल काटा टाळा. तो आकडा गोठवून ठेवतो आणि थोड्या वेळाने बंदही पडतो. दुकानात पोती तोलायला वापरतात तसा प्लॅटफॉर्म काटा घ्या, 100 किलो क्षमतेचा, 10 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. अचूकता काट्यावरच ठरते: 64 किलोच्या माणसाला 2 मीटर फळीवर 100 ग्रॅमची चूक म्हणजे गुरुत्वमध्यात 3 मिमीची चूक, तर 10 ग्रॅमची चूक म्हणजे 0.3 मिमीची. फळीच्या लांबीतली 1 मिमीची चूक इथे जेमतेम अर्धा मिमी आणते.

'ब' धार काट्याच्या मधोमध, सपाट लोखंडी पट्टीवर टेकवा. 'अ' धार तेवढ्याच उंचीच्या भक्कम ठोकळ्यावर. पाणसळ ठेवून फळी समतल करा आणि माणूस झोपल्यावर पुन्हा एकदा बघा. झोपलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य धारांच्या पातळीपेक्षा सुमारे 18 सेंमी वर असतो. डोक्याची बाजू 20 मिमी उंच राहिली तर उत्तर पायाकडे जवळजवळ 2 मिमी सरकतं.

आधी फळीची परीक्षा

माणूस झोपवण्याआधी व्यायामशाळेतली 20 किलोची चकती वापरा. तिच्यावर छापलेल्या वजनावर विसंबू नका, याच काट्यावर तोलून घ्या. तिचं भोक 'अ'पासून 500, 1000 आणि 1500 मिमीवर ठेवा. काट्याचा आकडा अनुक्रमे पाव, अर्धा आणि पाऊण वजनाने वाढायला हवा. प्रत्यक्ष वाढ या अपेक्षित वाढीपेक्षा तिन्ही ठिकाणी सारख्याच फरकाने चुकत असेल, तर अंतर मोजायची शून्यरेषा 'अ'वर नाही. हा चुकीचा फरक अंतराच्या प्रमाणात वाढत असेल तर धारांमधलं अंतर चुकलं आहे. आणि तीच चकती त्याच जागी पुन्हा ठेवल्यावर आकडा वेगळा येत असेल, तर फळी कुठेतरी भिंतीला किंवा काट्याच्या खांबाला घासते आहे.

मोजणी

काटा रिकामा असतानाच सुरू करा. माणसाचं वजन याच काट्यावर, त्याच कपड्यांत, खिसे रिकामे आणि पाय अनवाणी. याचा फायदा मोठा आहे: काटा सगळीकडे अर्धा टक्का जास्त दाखवत असला, तरी भागाकारात ती चूक निघून जाते. मग फळी लावून नुसत्या फळीचा आकडा घ्या. त्यानंतर माणसाला उताणं झोपवा: तळवे पाटीला पूर्ण टेकलेले, गुडघे सरळ, हात अंगालगत, नजर थेट छताकडे.

हातांची जागा फार महत्त्वाची आहे. दोन्ही हात मिळून शरीराचं सुमारे 10 टक्के वजन असतं, आणि ते डोक्यावर ताणले की गुरुत्वमध्य 5-6 सेंमी डोक्याकडे जातो. पोटावर घडी घातलेले हात चालतील, पण मग सगळ्यांचेच तसे हवेत.

श्वासाबरोबर काट्याचा आकडा झुलताना दिसतो. साधा श्वास सोडून झाल्यावर क्षणभर थांबायला सांगा आणि तेव्हाचाच आकडा लिहा. माणसाला पूर्ण उठवून, पुन्हा झोपवून, असे पाच आकडे घ्या. न उठवता घेतलेले पाच आकडे म्हणजे एकच मोजणी पाचदा वाचणं. शेवटी रिकाम्या फळीचा आकडा परत बघा. तो 20 ग्रॅमपेक्षा जास्त हलला असेल तर फळी सरकली आहे, मोजणी पुन्हा करा.

सूत्र असं:

तळव्यापासूनचं अंतर = (माणसासह आकडा − नुसत्या फळीचा आकडा) × धारांमधलं अंतर ÷ माणसाचं वजन

समजा वजन 64.00 किलो, नुसती फळी 9.20, माणसासह 39.50. फरक 30.30. त्याला 2000 ने गुणून 64 ने भागलं की 947 मिमी. उंची 170 सेंमी असेल तर हे 55.7 टक्के झाले. प्रौढांमध्ये हा आकडा साधारण 54 ते 57 टक्क्यांच्या आसपास येतो, स्त्रियांत पुरुषांपेक्षा किंचित कमी. 60 टक्के आला तर माणूस वेगळा नाही, मांडणी चुकली आहे.

या आकड्याचा वापर

हा झोपलेल्या शरीराचा गुरुत्वमध्य आहे. आडवं झाल्यावर रक्त आणि पोटातले अवयव डोक्याकडे सरकतात, म्हणून उभ्या माणसाचा आकडा म्हणून तो छापू नका. अहवालात शरीराची स्थिती, कपडे, काट्याची अचूकता आणि पाच मोजण्यांमधला फरक लिहा.

धावणाऱ्या किंवा उडी मारणाऱ्या माणसाला फळीवर ठेवता येत नाही. तिथे व्हिडिओवरून सांधे टिपून, प्रत्येक अवयवाचं वजन आणि मध्य तक्त्यातून घेऊन बेरीज करतात. पण हे तक्ते कुणाच्या शरीरावरून आले? डेम्प्स्टर या संशोधकाचा 1955 चा तक्ता 8 पुरुषांच्या मृतदेहांवरून तयार झाला, तेही उतारवयातल्या. डी लेवा या संशोधकाने 1996 मध्ये सुधारलेले आकडे 100 तरुण आणि 15 तरुणींच्या मोजमापांवर उभे आहेत, सगळे गोरे. खो-खो खेळणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला यातला कुठला तक्ता लागू पडेल, हे तक्ता सांगत नाही. फळी सांगते. त्याच मुलीला हात अंगालगत, हात डोक्यावर आणि गुडघे दुमडून, अशा तीन स्थितींत फळीवर मोजा. त्याच वेळी बाजूने फोटो घेऊन तक्त्यानेही गणित करा. फोटोसाठी कॅमेरा फळीच्या मध्याशी, काटकोनात आणि निदान 5 मीटर लांब ठेवा, नाहीतर टोकं तिरकी दिसून अंतरं चुकतात. तिन्ही स्थितींत जो तक्ता फळीच्या सर्वांत जवळ येतो, तोच त्या गटाच्या व्हिडिओंना लावा, आणि उरलेला फरक किती मिमी आहे तो निकालाशेजारीच द्या.