नगरपरिषदेत रुजू होताय? आधी एकदा पहाटेची हजेरी बघून या

राज्यस्तरीय संवर्गातून निवड होऊन नगरपरिषदेत रुजू होणाऱ्या मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. सीओ साहेब म्हणजे मुख्याधिकारी कसे आहेत, राजकीय दबाव किती असतो, राहायची सोय होईल का, पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालू ठेवता येईल का. तिथे काम करणारी माणसं कोण आहेत, हे फार कमी जण विचारतात. दोन नगरपरिषदांमध्ये मिळून नऊ वर्षं काढल्यावर मला वाटतं, सुरुवात त्याच प्रश्नापासून करायला हवी. आपली तब्येत, मनाची आणि शरीराची, पुढची कितीतरी वर्षं याच माणसांच्या सोबतीवर टिकणार असते.

मी रुजू झालो तेव्हा १९६५ चा नगरपरिषद अधिनियम मला पाठ होता. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर ‘अ’ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’, त्याखाली ‘क’, कुठल्या समितीकडे कुठले विषय, सगळं. शहराला पाणी कोण सोडतं आणि त्यासाठी तो किती वाजता उठतो, हे मला ठाऊक नव्हतं.

साधारण सहा महिन्यांनी सीओ साहेबांनी बोलावून सांगितलं, कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य तपासणी शिबिर घ्यायचंय, तुम्ही बघा. मी कर विभागातला, पण काम मनापासून केलं. शासकीय रुग्णालयातून डॉक्टर आले, रक्तदाब आणि साखर तपासायची सोय झाली, सभागृहात खुर्च्या मांडल्या, सगळ्या विभागांना परिपत्रक गेलं. वेळ ठेवली सकाळी अकराची. आस्थापना, लेखा, बांधकाम, आमचा कर विभाग, झाडून सगळे आले. अग्निशमनचे दोघे येऊन गेले. सफाई कामगार सत्तरच्या वर होते, त्यांतले नऊ आले. शहराला पाणी सोडणारे व्हॉल्वमन, त्यांतला एकही नाही.

संध्याकाळी मी मुकादमांना गाठलं. ते वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांनी न चिडता समजावलं. “साहेब, सहाला हजेरी होते. अकराला आमच्या बाया कामावरून सुटतात. घरी जाऊन अंघोळ, स्वैपाक, आणि दोनला परत दुसरी हजेरी. कचऱ्यातून आलेल्या अंगाने तुमच्या हॉलमध्ये खुर्चीवर कोण बसेल? आणि पाणीवाले तर रात्री तीनला उठतात. अकराला ते झोपलेले असतात.”

ज्यांना तपासणीची सगळ्यात जास्त गरज होती, त्यांना मी माझ्या वेळेला बोलावलं होतं. ही चूक माझी होती, आणि ती मला आजही लागते.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी हजेरी शेडवर गेलो. वर पत्रा, एक पिवळा दिवा, भिंतीला टेकवलेले खराटे, बाजूला घंटागाड्या. मुकादम मस्टरवरून नावं पुकारत होते. नाव पुकारलं की अंधारातून “हजर” असा आवाज यायचा आणि मग माणूस दिव्याखाली यायचा. जे लोक मला तोवर ‘आरोग्य विभाग, सफाई’ या एका रकान्यात दिसत होते, त्यांना मी त्या दिवशी एकेक करून पाहिलं.

तिथे एका मावशींना मी विचारलं, हातमोजे मिळालेत ना, मग घालत का नाही? त्यांनी पिशवीतून जोड काढला आणि एक मोजा घालून हात माझ्यापुढे धरला. बोटं संपल्यावर पुढे दीड इंच रबर रिकामं लोंबत होतं. “याने खराटा धरून बघा तुम्ही,” म्हणाल्या. मी धरून बघितला. मूठच बसत नव्हती, खराटा फिरायचा. सगळे मोजे एकाच मापाचे, पुरुषी हाताचे घेतलेले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांमध्ये गणवेश, हातमोजे, रेनकोट, बूट, मास्क पुरवण्याची तरतूद होती. त्याप्रमाणे वाटप झालं होतं, रजिस्टरवर सह्या आणि अंगठेही होते. मावशींचे हात उघडेच होते आणि तळव्यावर घट्ट्यांची एक सलग रांग होती. ऑफिसात बसून ते रजिस्टर मी दहा वेळा तपासलं असतं, तरी मापाची गोष्ट मला कळली नसती.

पुढचं शिबिर आम्ही शेडवरच घेतलं, पहाटे साडेपाचला. त्याचा एक फायदा आधी माझ्या लक्षात आला नव्हता. त्या वेळेला माणसं उपाशीपोटी असतात, त्यामुळे साखरेची तपासणी नीट होते. चार बायकांना साखर निघाली. त्यांतल्या दोघींना ते माहीतच नव्हतं, पाय जळजळतात म्हणून त्या रात्री तेल लावून झोपायच्या. बऱ्याच जणांचा रक्तदाब १४०/९० च्या वर होता, त्यांना आम्ही पुन्हा दोन वेळा बोलावून मोजलं, कारण एका मोजणीवर निदान करायचं नसतं. व्हॉल्वमनसाठी टाकीवर वेगळा दिवस ठेवला, पाणी सोडून झाल्यावरचा.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं. पहिल्या महिन्यात, अजून फायली अंगावर पडल्या नसतात तेव्हा, प्रत्येक विभागाच्या कामाच्या वेळेला तिथे जा. हजेरी शेडवर पहाटे जा. जलशुद्धीकरण केंद्रावर रात्रपाळीला एकदा थांबा, क्लोरीनच्या खोलीत कोण जातं आणि मास्क चालू स्थितीत आहे का ते बघा. अग्निशमन केंद्रावर दुपारी जा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे तासभर बसा. नावं वहीत लिहा आणि नावानेच हाक मारा. वयाने मोठ्या माणसाला, पद कितीही खालचं असलं तरी, अहो-जाहोच. दादा, मावशी, भाऊ, जे तिथे चालत असेल ते. नवा साहेब शिपायाला “ए” म्हणाला, ही बातमी दुपारच्या चहापर्यंत सगळ्या विभागांत पोचते, आणि ती पुसायला वर्ष लागतं.

बोलायला बसलात की लगेच तब्येत विचारू नका. मुलं काय शिकतात, घर कुठे आहे, सेवेला किती वर्षं झाली, यावर बोला. सेवापुस्तकातल्या नोंदी अद्ययावत आहेत का, हा प्रश्न विचारलात तर कोणीही तुमच्याजवळ बसेल, कारण निवृत्तीच्या तोंडावर अडकलेली पेन्शन सगळ्यांनी शेजारी बघितलेली असते. गुडघा, कंबर, दारू, घरचं दुखणं, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत आपोआप येतं. दारूबद्दल एक सांगतो. त्यावर पोस्टर लावून काही होत नाही. मला एका सफाई कामगाराने सांगितलं की मेलेलं जनावर उचलायचं असेल त्या दिवशी घेतल्याशिवाय हातच पुढे होत नाही. त्याला व्याख्यान देण्याआधी त्याच्या हातात चांगली अवजारं आणि मास्क द्यायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यातली एक गोष्ट तर प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला ठाऊक असायला हवी. आमच्याकडच्या नालेसफाईतल्या एका मुलाला ताप आला. त्याने दोन दिवस साध्या तापाच्या गोळ्या घेतल्या, मग एका दवाखान्यात गेला, तिथेही नुसतं “ताप आहे, पिंढऱ्या दुखतात” एवढंच सांगितलं. तो लेप्टोस्पायरोसिस होता. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमेवाटे हा आजार शिरतो, आणि लक्षणं दिसायला आठवडा-दोन आठवडे जाऊ शकतात. तोवर नाल्यात उतरल्याचं माणूस विसरूनही जातो. मुलगा वाचला, पण डायलिसिसपर्यंत गोष्ट गेली. तेव्हापासून जून उजाडला की आम्ही हजेरीला एकच वाक्य सगळ्यांकडून म्हणवून घेतो: दवाखान्यात गेलं की आधी सांगायचं, “मी नाल्यात काम करतो.” प्रतिबंधक गोळ्या कोणाला, किती द्यायच्या हे वैद्यकीय अधिकारी ठरवतील. गमबूट, पायावरची जखम झाकणं आणि हे वाक्य, याची काळजी आपण घेऊ शकतो.

आणि मॅनहोल. कधीतरी तुमच्यावर वेळ येईल. चेंबर तुंबलेलं असेल, नगरसेवक उभे असतील, लोक ओरडत असतील आणि कोणीतरी म्हणेल, “पाच मिनिटं माणूस उतरवा, काही होत नाही.” उतरवायचा नाही. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या वेळेलाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण शिक्षेपेक्षा मी लोकांना वायूबद्दल सांगतो, कारण ते लगेच पटतं. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. आत गेलेल्याला वाटतं वायू गेला, आणि तो तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. म्हणून यंत्र येईपर्यंत थांबायचं, बॅरिकेड लावायचं आणि तोंडी सूचना आली तर ती टिपणीवर घेऊन वर पाठवायची. लेखी मागितलं की घाई बहुतेक वेळा आपोआप कमी होते.

कंत्राटी कामगारांना विसरू नका. आज कित्येक शहरांत घंटागाडीवरचे बहुतेक जण कंत्राटीच असतात, आणि ते ‘आपले’ नाहीत असं समजून शिबिराच्या यादीत त्यांची नावंच नसतात. महिन्याला २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांना राज्य कामगार विमा योजना लागू होते. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो आणि ठेकेदाराने सव्वातीन टक्के भरायचे असतात. तुम्ही फक्त एक करा. पगाराची पावती बघा, आणि कपात दिसली तर विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्ड विचारा. आमच्या एका ठेकेदाराकडे कपात नियमित होती आणि निम्म्या मुलांना आपला विमा क्रमांक माहीत नव्हता. बिलाच्या नस्तीला, म्हणजे फाइलला, विमा क्रमांकांची यादी जोडल्याशिवाय देयक पुढे जाणार नाही, असा शेरा लेखा विभागाने मारला. पंधरा दिवसांत कार्डं आली. लेखा विभागातल्या ज्या मॅडमनी तो शेरा मारला, त्यांच्याशी माझी ओळख डबा एकत्र खाण्यातून झाली होती.

आता ऑफिसातल्यांबद्दल. इथलं ओझं डोळ्यांना दिसत नाही. मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसलेला लिपिक दिवसभर घरातलं माणूस गेलेल्यांशीच बोलत असतो. आमच्या लिपिकांनी २०२१ चा एप्रिल-मे त्याच टेबलावर काढला. ते म्हणायचे, आडनावात काना-मात्रा चुकली म्हणून परत आलेला मुलगा भांडत असतो तेव्हा तो प्रत्यक्षात बापासाठी रडत असतो, म्हणून मी आधी त्याला पाणी देतो. त्यांना वर्षभराने झोप लागेना, तेव्हा आम्ही सीओ साहेबांना सांगून त्यांचं टेबल बदलून घेतलं. आळीपाळीने टेबल बदलणं हा साधा उपाय आहे, त्याला खर्च नाही, आणि तरी तो क्वचितच केला जातो. वसुली पथकाचंही तसंच. मार्चमध्ये दारोदार शिव्या खाऊन आलेल्या माणसाला संध्याकाळी “आज किती झाले?” एवढंच विचारू नका. आधी बसवा.

कामाच्या न सुटणाऱ्या ताणातून येणाऱ्या थकव्याची जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात नोंद घेतली. आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणून. माणूस पार गळून जातो, कामाबद्दल कडवट होतो, आपल्याकडून काही होत नाही असं त्याला वाटू लागतं. तुमच्यात हे दिसलं तर दडवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. मी स्वतः एकदा लावलाय. पलीकडच्या बाईंनी मराठीत, घाई न करता, वीस मिनिटं ऐकून घेतलं.

स्वतःसाठी मी तीन सवयी लावून घेतल्या. डबा टेबलावर एकटा खायचा नाही. रात्री दहानंतर तक्रारींचा ग्रुप उघडायचा नाही, तातडीचं असेल तर फोन येतोच. आणि आठवड्यातून एकदा चालत हजेरी शेडवर जायचं. तिसरीने मला सगळ्यात जास्त सावरलं. रुसलेली फाइल, सभेतला गोंधळ, साहेबांचा राग, हे सगळं त्या पत्र्याखाली जाईपर्यंत अर्धं उतरलेलं असतं.

हातमोज्यांचं काय झालं, हे फोनवर हमखास विचारतात. आम्ही लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन मापांची मागणी टिपणीत टाकली, आरोग्य विभागाने प्रत्येकीच्या हाताचं माप वहीवर घेतलं. मंजुरी आणि खरेदीत चार महिने गेले. माल आला त्या पहाटे मी शेडवर होतो. त्या मावशींनी लहान मापाचा जोड घातला, खराटा उचलला, दोनदा जमिनीवर ओढून बघितला आणि मुकादमांना म्हणाल्या, “माझं नाव पुकारा आता, मी निघते.”