साहेबांना कधी सांगायचं? उद्यमबागेतलं माझं पहिलं वर्ष

डिप्लोमा संपवून खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेत ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा साहेबांशी बोलायचं म्हणजे बोलावलं की जायचं, एवढंच मला ठाऊक. त्यात साहेब बैलहोंगलकडचे, कन्नड बोलणारे. माझं कन्नड बसमध्ये तिकीट काढण्यापुरतं. त्यांना मराठी चांगलं कळतं हे मला दोन महिन्यांनी समजलं. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी समजलं असतं की!

काम हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचं. तिच्यातला बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ३२ एच७: व्यास ३२.००० ते ३२.०२५ मिलिमीटरच्या आत हवा. सकाळी गेज ३२.०१८ दाखवत होता. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजेल तसा बोअर लहान होत जातो. दहाच्या सुमारास ३२.००९, बारा वाजता ३२.००३. ऑफसेटला, म्हणजे मशीनमधल्या टूलच्या सेटिंगला, हात लावायची ट्रेनीला परवानगी नव्हती. साहेब समोरच्या काचेच्या केबिनमध्ये, फार तर वीस पावलांवर. पण आत कुणीतरी बसलं होतं, आणि माप अजून हद्दीत होतं. म्हटलं, जेवणानंतर बघू. जेवून आलो तर ३१.९९७. त्या दिवशी अडतीस नग लहान निघाले. मोठे झाले असते तर सरळ भंगारात गेले असते. हे पुन्हा बोअर करता आले, पण माल नेणारी पुण्याची गाडी चुकली.

साहेब ओरडले नाहीत. गेज माझ्या हातात देत एवढंच म्हणाले, ‘मदल हेळबेकल्ला?’ आधी सांगायचं नाही का?

तेव्हापासून माप हद्दीबाहेर जायची वाट बघत नाही. ते एकाच बाजूला सरकू लागलं की जाऊन सांगतो. शिफ्ट सुरू झाल्यावर साहेब राउंडला आले की दोन मिनिटं घेतो: काल किती झाले, आज काय अडणार, त्यांच्याकडून काय हवं. तिसरी गोष्ट नवी पोरं हमखास गिळतात. ‘सर, टूलचा प्रॉब्लेम आहे’ म्हणून उभे राहतात. साहेबांनी त्यावर काय करायचं? ‘इन्सर्ट दोनच उरलेत, उद्या दुपारपर्यंत पुरतील, स्टोअरला सांगाल का?’ असं म्हटलं की काम हलतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर वाईट बातमी टाकू नका. तिथं मालक पण असतात. साहेबांच्या आधी त्यांनी वाचलं तर साहेबांची पंचाईत आणि नंतर तुमची. आधी फोन, मग मेसेज. रजेचं मात्र लिहूनच मागा. तोंडी ‘बरं बरं’ गणपतीच्या गर्दीत कुणाच्याच लक्षात राहत नाही.

काही साहेबांना रोजचं सांगणं नको असतं, तेही त्यांनाच विचारा. माझे साहेब आता मशीनपाशी थांबतसुद्धा नाहीत. जाता जाता विचारतात, ‘एष्टु?’ किती? मी मापाचे शेवटचे दोन आकडे सांगतो, ‘हदिनाल्कु.’ चौदा. की ते चहाला जातात.