कीड लागली नाही म्हणजे वाण प्रतिकारक नव्हे

कीडप्रतिकारक वाणांच्या कामात नव्याने येणाऱ्याला वाटतं, इथे दिवसभर संकर करायचे असतात. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात माझे पहिले काही हंगाम किडीची बडदास्त ठेवण्यातच गेले.

ज्वारीवरची खोडमाशी घ्या. रोप आठवड्याचं झालं की माशी पानाच्या खालच्या बाजूला पांढरं, लांबुळकं अंडं घालते. अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, उतरून वाढीचा कोंब कापते, मधलं पान सुकतं. ही पोंगेमर. पहिल्या वर्षी मी पोंगेमर न झालेली रोपं हौसेनं निवडली. पुढच्या हंगामात त्यांची संतती खोडमाशीनं पार झोडपली. ती रोपं प्रतिकारक नव्हतीच, माशी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती, इतकंच!

आता मी चाचणीच्या साधारण २० दिवस आधी बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी मधूनमधून पेरते आणि रोपांत मासळीची भुकटी टाकते. अंगाला येणाऱ्या वासाबद्दल न बोललेलं बरं, पण माश्या सगळीकडे येतात. प्रत्येक चाचणीत खात्रीनं बळी पडणारा एक वाण हवाच. तोच हिरवागार राहिला, तर त्या हंगामाची निवड सोडून द्यायची, कितीही जिवावर आलं तरी.

नुसती पोंगेमर मोजू नका, वाकून पानं उलटून अंडीही मोजा. अंडी कमी असतील तर माशीला ते झाड नावडतं; चकचकीत, लव असलेल्या पानांची रोपं बहुधा अशी निघतात. अंडी भरपूर आणि पोंगेमर कमी, तर अळीचं आत काही चालत नाही. तिसरा प्रकार मार सोसून दाणे देणाऱ्या झाडांचा. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ साली केलेली ही विभागणी आजही कामाला येते. नावडीवर मात्र फार विसंबू नये. जाळीच्या पिंजऱ्यात तो एकच वाण ठेवला की माशी मुकाट्यानं त्यावरही अंडी घालते.

भातातली गोष्ट तर प्रत्येक नवख्याला सांगावी अशी. तपकिरी तुडतुडा या रस शोषणाऱ्या किडीला दाद न देणारा आयआर-२६ हा वाण १९७३ साली आला. प्रतिकार एकाच जनुकाचा. दोन-तीन वर्षांत त्यावर पोसणारे तुडतुडे तयार झाले आणि १९७६ साली दुसऱ्या जनुकाचा आयआर-३६ आणावा लागला. त्यामुळे नवा जनुक हाती आला की संकराआधी मी कीटकशास्त्रातल्या सोबत्याला गाठते आणि विचारते, ‘यावर जगणारे तुडतुडे तुझ्याकडे आधीच आहेत का?’