गावकावळा की डोमकावळा? ओळखताना या चुका टाळा

काळाकुळकुळीत, जाड चोचीचा कावळा दिसला की फोटोखाली "रेव्हन" (कावळ्याचाच एक मोठा, काळा भाऊबंद) लिहून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात कॉमन चूक. अहो, आपल्याकडे महाराष्ट्रात रेव्हन कुठून येणार? भारतात तो हिमालयात उंचावर आणि राजस्थान, कच्छकडच्या कोरड्या पट्ट्यात असतो. तुमच्या फोटोत आहे तो डोमकावळा. शेपटीवर पण जाऊ नका, रेव्हनची शेपूट पाचरीसारखी हे खरं, पण डोमकावळ्याची टोकाला गोलसर असते आणि वळताना अर्धवट पसरली की तशीच वाटते. त्यापेक्षा रेव्हनसारखी गळ्याखाली लांब विस्कटलेली पिसं आहेत का ते बघा.

दुसरं म्हणजे नुसता रंग बघणं. गावकावळ्याची मान राखाडी असते हे शाळेतल्या पोरालाही माहितीये, पण फोटो उजेडाच्या विरुद्ध काढला की ती मान काळीच येते आणि मग कमेंटमध्ये उगाच भांडणं. आधी एक्स्पोजर वाढवून बघा ना. शिवाय हा राखाडी रंग सगळीकडे सारखा नसतो, श्रीलंकेतल्या गावकावळ्यांची मान बरीच गडद असते आणि वायव्येकडच्यांची एकदम फिकी.

माझं मत विचाराल तर बाजूने चोच बघा. डोमकावळ्याची चोच जाडजूड, वरची कड कमानीसारखी खाली वळलेली, आणि चोचीच्या मुळापासून कपाळ एकदम उभं चढतं. फक्त त्याने डोक्याची पिसं चापून बसवली की ते कपाळ गायब होतं, त्यामुळे एका फोटोवर निकाल लावू नका. साइजचा अंदाज तर एकटा पक्षी तारेवर बसलेला असताना करूच नका, गावकावळा साधारण ४० सेंमी आणि डोमकावळा ४६-५०, एवढासा फरक खालून काय कळणार?

"अंगणात आला म्हणजे गावकावळाच" हेही चूक, डोमकावळा वस्तीत बिनधास्त येतो. गावकावळा मात्र माणसाला सोडून राहत नाही, जहाजांवरून पार नेदरलँड्सपर्यंत पोचलाय पठ्ठ्या.

आवाज ऐकायचा कंटाळा करू नका. गावकावळ्याचं काव काव नाकातलं, पातळ. डोमकावळ्याचं घोगरं, खर्जातलं.

आणि झाडात दडलेल्या "कावळ्याचा" डोळा लालभडक, चोच फिकट हिरवट दिसली तर तो नर कोकीळ आहे.